वाटीवरचं नाव

१

घर बघायला गेलं की चेहरा पाडायचा, हा अभयचा नियम. जागा मनात कितीही भरो, तोंडावर दिसू द्यायचं नाही. भिंतीवर बोटं वाजवायची, नळ सोडून बघायचा, खिडकीपाशी उभं राहून "हवा नाही हो फारशी" म्हणायचं आणि चहा न घेता जिना उतरायचा. मग आठ दिवस फोन उचलायचा नाही. नवव्या दिवशी मालक स्वतःहून भाव खाली आणतो, असं त्याचं म्हणणं. हे शहाणपण त्यानं कुठून आणलं होतं कोण जाणे, पण लग्नाला पाच वर्षं झाली तरी त्यात काडीचा फरक पडला नव्हता.

या नियमापायी दोन घरं हातची गेली होती. एक हिंदमाताच्या मागच्या गल्लीत, एक परळला. दोन्ही वेळा अभय फोन न उचलता बसला आणि नवव्या दिवशी कळलं की सातव्या दिवशीच कुणीतरी बयाणा देऊन मोकळं झालंय. दुसरं घर गेलं तेव्हा प्रितीनं दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी बोलली ते एवढंच, "मला दिवस गेलेत. आता तुझं थांबणं पुरे कर."

लालबागच्या चाळीतली त्यांची खोली म्हणजे एक पाऊल टाकलं की स्वयंपाकघर, दुसरं टाकलं की मोरी. त्यात अभय, प्रिती, धाकटा दीर आणि सासूबाई कमळाबाई. दीर बिचारा गॅलरीत खाट टाकून झोपायचा. कमळाबाई तोंडानं फटकळ, मनानं लोणी. रोज संध्याकाळी अभय हॉस्पिटलच्या लॅबमधून आला की त्याला एकच विचारायच्या, "पोर झाल्यावर त्याला काय दोरीवर वाळत घालणारेस काय रे?"

सहावा महिना लागला तेव्हा रमाकांत नावाच्या एजंटाचा फोन आला. गिरगावात, तिसऱ्या मजल्यावर, हॉल, खोली आणि स्वयंपाकघर, संडास घरात. म्हातारा-म्हातारी राहतात, विकून गावी जायचंय. भाव ऐकून अभयनं भुवया उचलल्या. प्रितीनं फक्त "बाळंतपणाआधी मिळेल?" एवढंच विचारलं.

२

रविवारी सकाळी अकराला ते गेले. रमाकांत खाली चहाच्या टपरीवरच थांबला. "गुडघे धरलेत माझे, तुम्ही बघून या. म्हातारी माणसं आहेत, बोलतात गोड." असं म्हणून त्यानं पाठ फिरवली ती चटकन. अभय जिन्यात हसला. "असला एजंट पहिल्यांदा बघतोय. मालकासमोर जायला लाजतो."

दार जयवंतरावांनी उघडलं. सत्तरीचे, धुतलेला झब्बा, चष्म्याला दोरी. "या, सावकाश या. घाई नाही," म्हणाले. हॉल बघून प्रितीचं काळीज सुपाएवढं झालं. दोन मोठ्या खिडक्या, खाली गल्लीतलं पिंपळाचं झाड, लादी गार आणि स्वच्छ. पाळणा कुठे टांगायचा तेही तिनं दोन मिनिटांत ठरवून टाकलं. अभय भिंतीवर बोटं वाजवत होता. तिनं चेहरा पाडायचा प्रयत्न केला, पण जमेना.

स्वयंपाकघरात ती एकटीच गेली. ओटा लांब, उजेड भरपूर. ओट्याच्या पलीकडे एक छोटी कोठीची खोली होती, तिला दार नव्हतं, नुसता जाडसर निळा पडदा. मांडणीवर मोजकी भांडी आणि सगळ्यात वरच्या फळीवर ओळीनं मांडलेल्या पितळी वाट्या. लहान, बाळाला दूधभात भरवायच्या असतात तशा. प्रत्येकीवर जुन्या पद्धतीनं छिन्नीनं ठोकून नाव घातलेलं. चि. विनय. चि. रोहिणी. चि. समीर. चि. गार्गी. एकीवरही आडनाव नाही की तारीख नाही. ओळीच्या टोकाला एक कोरी वाटी होती.

"किती नातवंडं, काका?" तिनं हॉलमध्ये येऊन विचारलं.

"आम्हाला मूलबाळ नाही, सूनबाई," जयवंतराव म्हणाले. "त्या येणाऱ्याजाणाऱ्यांच्या आहेत. हिला नाद आहे. अंबिका, अगं पाणी दे त्यांना." पडद्यामागून उत्तर आलं नाही. "ऐकू कमी येतं तिला. पाय धरलेत, उठवत नाही." मग त्यांनीच पाणी आणलं. अभयनं नियमाप्रमाणे घेतलं नाही. प्रितीनं घेतलं, तहान लागली होती तिला.

ती पाणी पीत असतानाच पडद्यामागे आवाज सुरू झाला. टिक्. टिक्. टिक्. बारीक, एकसारखा, मध्ये जरासा थांबून पुन्हा. नळ गळतोय, असं अभय पुटपुटला आणि मनातल्या यादीत त्यानं ते लिहून घेतलं. भाव पाडायला तेवढंच कारण.

३

आता प्रितीची एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती तिनं दुसऱ्या कुणालाच सांगितली नव्हती.

मुलगी झाली तर तिचं नाव काय ठेवायचं हे तिनं नववीतच ठरवलं होतं. वर्गात नवीन आलेली एक मुलगी हजेरीला उभी राहिली आणि बाईंनी नाव वाचलं, उत्पला. असलं नाव तिनं कधी ऐकलं नव्हतं. ती मुलगी दोन महिन्यांत शाळा सोडून गेली, चेहराही आता आठवत नव्हता, पण नाव मनात घर करून बसलं. ते तिनं कधी वहीत लिहिलं नाही. मैत्रिणीला सांगितलं नाही. अभयला सांगणार होती ते बारशाच्या दिवशीच, पाळण्यापाशी. आधी नाव उच्चारलं की दृष्ट लागते असलं काही ती मानत नव्हती, कमळाबाईंच्या घरात असल्या गोष्टींना थाराच नव्हता. पण काही गोष्टी माणूस उगीच जपतो ना, तसं तिनं ते जपलं होतं. एकटी असतानासुद्धा ती ते मोठ्यानं म्हणाली नव्हती.

आठ दिवस अभयनं फोन उचलला नाही. प्रितीचा जीव टांगणीला लागला होता. नवव्या दिवशी खुद्द जयवंतरावांचा फोन आला. भाव बराच खाली आला होता.

"बघितलंस?" अभयची छाती फुगली. "आता एकदा परत जायचं. गळका नळ दाखवायचा, लादीची एक फरशी पोकळ वाजते ती दाखवायची. अजून उतरतील."

"अरे, दिलाय ना त्यांनी भाव? घेऊन टाक आता."

"प्रिती, हाच तर क्षण असतो. इथे जो घाई करतो तो फसतो."

तिला वाटलं, ओरडावं. पण भाव खरंच उतरला होता, त्यामुळे बोलायला तोंड राहिलं नव्हतं.

४

दुसऱ्या खेपेला ते संध्याकाळी प्रितीचं ऑफिस सुटल्यावर गेले. जयवंतरावांनी तसंच हसून दार उघडलं. अभयनं फरशी वाजवून दाखवली. म्हाताऱ्यानं मान डोलावली, वाद घातला नाही. असा विकणारा कधी बघितलाय का तुम्ही? प्रत्येक खोडीला "बरोबर आहे तुमचं" म्हणणारा? अभयला त्यात आपली हुशारी दिसत होती. प्रितीला मात्र पहिल्यांदाच ते खटकलं.

"नळ बघून येते," म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. नळ कोरडा ठणठणीत होता. ओट्याखाली ओल नाही, भांड्यात थेंब नाही. आणि तरी टिक् टिक् टिक् चालूच होतं, पडद्यामागून.

तिची नजर वर गेली. ओळीच्या टोकाची वाटी आता कोरी नव्हती. तिच्यावर ताज्या, चकचकीत ठिपक्यांनी घातलं होतं, "चि. उ". पुढे मोकळी जागा.

उमा, उषा, उदय, उज्ज्वला. तिनं भराभर नावं मोजली. मुंबईत काय उ अक्षराची पोरं कमी आहेत? म्हाताऱ्या बाईला नाद आहे, कुणाला तरी देत असेल. पहिल्यांदा आपण घाईत बघितलं असेल. ती स्वतःला असं समजावत असतानाच पोटात बाळानं पाय मारला. मग पुन्हा. मग पुन्हा. तिनं पोटावर हात ठेवला आणि तिच्या लक्षात आलं की ठोका पडला की पाय येतोय. ठोका थांबला की पायही थांबतोय. ती जवळजवळ धावतच हॉलमध्ये आली.

"काय गं?" अभय म्हणाला.

"काही नाही. चल."

खाली उतरताना तो खूश होता. म्हातारा अजून थोडा खाली यायला तयार होता, फक्त "एकदा निवांत या, बसून बोलू" म्हणाला होता.

५

त्या रात्री तिनं अभयला आवाजाबद्दल सांगितलं. तो म्हणाला, शेजारी कुणी खोट्या दागिन्यांचं काम करत असेल, गिरगावात घरोघरी करतात. बाळाच्या पायांबद्दल सांगितलं. तो म्हणाला, सहाव्या महिन्यात मुलं हलतातच, उलट हलली नाहीत तर काळजी. लॅबमधला माणूस तो, त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीला कारण तयार. आणि खरं सांगायचं तर प्रितीलाही ती कारणं हवीच होती. ज्या घरासाठी तिनं तीन वर्षं जीव काढला होता ते हाताशी आल्यावर तिनंच खुसपट काढायचं? दोन खिडक्या, पिंपळ, संडास घरात. कमळाबाईंनी तर शेजारणीला सांगूनही टाकलं होतं, "आमची सून गिरगावात राहायला जातेय गो."

म्हणून ती तिसऱ्यांदा गेली. मनाशी पक्कं केलं की यावेळी स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. पंधरा मिनिटं ती हॉलमध्ये खिडकीपाशी बसली. जयवंतराव अभयशी कागदपत्रांचं बोलत होते. आतून टिक् टिक् येत होती आणि दर ठोक्याला पोटात पाय. शेवटी तिला राहवेना. न बघण्यापेक्षा बघितलेलं बरं, असं होतं ना माणसाला, तसं झालं.

वाटी फळीवर नव्हती. निळा पडदा एका बाजूनं वीतभर सरकलेला होता. आत अंधारच होता, पण स्वयंपाकघरातला उजेड तिरपा पडला होता तेवढ्यात एक पाठ दिसली. पांढरं पातळ, वाकलेली, पाठमोरी बसलेली. मांडीत काहीतरी धरलेलं. उजवं कोपर वर जात होतं, खाली येत होतं. टिक्. टिक्. इतकं सावकाश, इतकं मन लावून. मग कोपर थांबलं. बाईनं मान वळवली नाही. नुसता हात मागे केला आणि मांडीतली वाटी पडद्याबाहेर जमिनीवर ठेवली, एखाद्याला बघायला द्यावी तशी.

चि. उत्प.

उत्पल नाव असतं, प्रितीनं मनाशी म्हटलं. बंगाल्यांत असतं. असेल कुणीतरी. उत्पल असेल, उत्पल असेल, असं घोकत ती मागे मागे सरकली. पण ज्याला आपण सोळा वर्षं जपलंय त्याची सुरुवात आपल्याला ओळखू येत नाही होय?

हॉलमध्ये येऊन तिनं अभयचा दंड धरला. "हे घर नको. मला नको. आत्ताच्या आत्ता चल."

जयवंतराव तिच्याकडे बघत होते. चेहऱ्यावर राग नाही, आश्चर्य नाही. "सूनबाईंना पटलं नाही वाटतं," ते म्हणाले. "ठीक आहे. अजून कमी करतो. शेवटचा आकडा सांगतो." आणि त्यांनी जो आकडा सांगितला तो अभयनं मनात धरला होता त्याहूनही खाली होता.

जिना उतरल्यावर त्यानं तिला जवळ घेतलं. "काय अॅक्टिंग केलीस यार! मला पण खरी वाटली."

६

घरी येऊन ती रडली, भांडली, ओरडली. वाटीवर नाव येतंय म्हणाली. "कुठलं नाव?" त्यानं विचारलं, आणि इथेच तिची जीभ अडली. ते नाव मोठ्यानं म्हटलं तर काय होईल हे तिला माहीत नव्हतं, आणि त्याचीच भीती वाटत होती. "आपल्या बाळाचं," एवढंच म्हणाली.

"आपण ठरवलंच कुठे अजून?" अभय म्हणाला. तो वाईट नव्हता हो. तिच्या केसांतून हात फिरवत राहिला, डॉक्टरांकडे जाऊ म्हणाला, झोप लागत नाही त्यानं होतं म्हणाला. कमळाबाईंनी मात्र सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अभय, तिचं मन नाय तर सोड ती जागा. भिंती काय, दुसरीकडं पण मिळतील."

"आई, तू पण? तीन वर्षं थांबलो. आता जिंकतोय."

दोन दिवसांनी, शनिवारी दुपारी, प्रितीला ऑफिसात त्याचा मेसेज आला. "बयाणा द्यायला चाललोय. तू येऊ नकोस, दगदग नको. संध्याकाळी पेढे आणतो."

तिनं फोन लावला. उचलला नाही. अभयनं फोन न उचलण्यात हयात घालवली होती. तिनं पर्स उचलली, साहेबांना न सांगता फोर्टातून टॅक्सी पकडली आणि सगळ्या वाटेत फोन कानाला लावून बसली. टपरीवर रमाकांत होता. तिला बघितल्यावर त्यानं ग्लास खाली ठेवला.

"ताई, वर जाऊ नका," तो म्हणाला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मला काय माहीत असणार? मी कधी गेलोच नाही वर." त्यानं मान खाली घातली. "घर विकलं मात्र कधीच जात नाही. लोक येतात, मग एक दिवस यायचे बंद होतात. मला दर वेळी थोडे पैसे मिळतात."

ती थुंकलीच असती त्याच्या तोंडावर, पण तेवढा वेळ नव्हता.

७

तीन जिने ती कशी चढली तिचं तिला माहीत. दार सताड उघडं होतं. समोर खुर्चीत अभय बसलेला, स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून, टीपॉयवर चेकबुक उघडं. जयवंतराव त्याच्या बाजूला पेन घेऊन उभे. आतून टिक् टिक् टिक् टिक्, आज जरा घाईनं.

प्रिती उंबऱ्याबाहेर थांबली. आत पाऊल टाकायचं नाही एवढं एकच तिला कळत होतं. "अभय, बाहेर ये."

"अगं, तू कशाला आलीस? ये, बस. पाचच मिनिटं, सही करतो."

"मी आत येणार नाही. तू बाहेर ये."

"सूनबाई, उंबऱ्यात उभं राहू नये," जयवंतराव म्हणाले. "या ना. आता झालंच आहे."

पोटात बाळ वेड्यासारखं पाय मारत होतं. प्रत्येक ठोक्याला एक. तिनं दाराची चौकट घट्ट धरली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं भान नव्हतं. "अभय, मी चालले," ती म्हणाली. "तुला घर हवं असेल तर तू राहा. मला घर नको, काही नको. मी लालबागच्या खोलीत जन्म काढीन. पण मी चालले." आणि ती खरंच वळली. नवऱ्याला तिथे ठेवून पहिली पायरी उतरली. दुसरी उतरली. यापेक्षा अवघड काही तिनं आयुष्यात केलं नव्हतं.

मागे ठोके थांबले.

मग आतून एका बाईचा आवाज आला, म्हातारा, दमलेला, समाधानी. "झालं."

आणि जयवंतरावांनी हाक मारली. अगदी मायेनं, जशी रोजच मारत असावेत. "उत्पला! बाळ, बाबा आलेत बघ."

"आले," असं एक लहानसं पोर म्हणालं, आणि लादीवर अनवाणी पायांचा पटपट आवाज झाला.

प्रिती जिन्यात गोठून उभी राहिली. दोन्ही हात पोटावर होते. एक क्षण काहीच हललं नाही. दुसराही क्षण गेला. "बाळा," ती पुटपुटली, "ए बाळा." मग पोटात हळूच, एका बाजूला, पाय लागला. ठोका नसताना. आपल्या मनानं. ती तिथेच पायरीवर बसली आणि हमसून हमसून रडायला लागली.

वरून अभय आला. पायात चपला नव्हत्या. चेकबुक नव्हतं. तिच्या दंडाला धरून त्यानं तिला उठवलं आणि खाली नेलं. तिसऱ्या मजल्यावरून जयवंतराव म्हणत होते, "सावकाश जा. घाई नाही."

टॅक्सी ऑपेरा हाऊसच्या पुढे गेल्यावर तो बोलला. "उत्पला म्हणाले ते. तुझ्या मनात हेच होतं?"

तिनं मान डोलावली.

"मी बघितली तिला," तो म्हणाला. "पडद्यातून अर्धीच बाहेर आली. हातात वाटी. मला म्हणाली, बाबा, भरवा ना."

"कशी होती?" प्रितीनं विचारलं. विचारायचं नव्हतं, पण आईच ती, विचारलंच.

अभय खिडकीबाहेर बघत होता. "तुझ्यासारखी," तो म्हणाला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

८

मुलगी झाली. निरोगी, वजन चांगलं, रडणं खणखणीत. लालबागच्याच खोलीत झाली मोठी, आणि दोरीवर वाळत घालायची वेळ काही आली नाही. बाराव्या दिवशी चाळीतल्या बायका जमल्या, पाळणा सजवला, आत्या बाळाच्या कानाशी वाकली. प्रितीनं बाळ पाळण्यातून उचलून घेतलं आणि म्हणाली, "आज नको."

मग ते राहूनच गेलं. दाखल्यावर नावाची जागा मोकळी ठेवता येते, तशी ठेवली. कमळाबाई "बाय" म्हणतात, दीर "छोटी" म्हणतो. अभयनं चारदोन वेळा चांगली चांगली नावं काढली. पण नाव मनात धरलं की रात्री प्रितीला झोप लागत नाही. ती उठून बसते आणि कानांवर हात ठेवते. मग अभयनंही विचारायचं सोडलं. दुसरं घर बघायचं तर त्यांनी नावच काढलं नाही.

यंदा शाळेत घालायची वेळ आली. बालवाडीचा फॉर्म घेऊन दोघं गेले, पोरगी मध्ये, दोघांची बोटं धरून. पहिल्याच ओळीत पाल्याचे संपूर्ण नाव. अभयनं पेन उघडलं आणि प्रितीकडे बघितलं. तिनं मान खाली घातली.

टेबलामागच्या बाई प्रेमळ होत्या. वाकून त्यांनी पोरीलाच विचारलं, "सांग बघू राणी, तुझं नाव काय?"

पोरगी जराही लाजली नाही. "माझं नाव दुसऱ्या मुलीकडे आहे," ती म्हणाली. "ती देत नाही."

बाई खळखळून हसल्या. त्यांना वाटलं, मुलगी मोठी चुणचुणीत आहे.